ठोकळ्याचं तोंड

कॉफीच्या मशीनला झेंडूचा हार पडला, तेव्हाच मला समजायला हवं होतं की आज कारखान्यातलं काही म्हणजे काही सुटत नाही.

खंडेनवमी होती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी काम होत नाही, कामाची पूजा होते. आमच्या खवरे मॅग्नेट्समध्ये तर एरवीही हा फरक फारसा जाणवायचा नाही. मालक दादासाहेब खवरे यांची एकुलती एक लेक, मृणालताई, हातात ताट घेऊन शेडभर फिरत होत्या. भट्टीला हळदकुंकू, कटिंग मशीनला हळदकुंकू, तराजूला, कॅन्टीनमधल्या झाऱ्याला, वॉचमनच्या शिट्टीला. फिरत फिरत त्या माझ्या एक्स-रेच्या खोलीत आल्या आणि मशीनचं दार उघडायला लागल्या.

"ताई, आत नको," मी म्हटलं. "बाहेरूनच लावा."

"बाहेरून लावलं तर देवीची नजर आत कशी पोचणार?"

"एक्स-रे आहे ताई. पोचते."

त्यांना ते पटलं. शिकलेल्या माणसाला काहीही पटवता येतं, फक्त शास्त्राचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी मशीनच्या कपाळावर हळद लावली, वर कुंकू टेकवलं, चार अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "पप्पांनी सांगितलंय, काही सुटता कामा नये. औंदा सगळ्याचा निकाल लागायचाय."

निकाल लागायचा होता हे खरं. आणि तो लावायचा होता मी.

आमच्या शेडात चुंबक दाबायच्या दोन प्रेस होत्या, जुनी आणि नवी. जुनी दादासाहेबांच्या उमेदीच्या काळातली. तिची कॉइल तीनदा जळून तीनदा इथंच गुंडाळलेली. नवी परदेशातून आलेली, काचेच्या दाराची, दार उघडलं की बाईच्या आवाजात नमस्कार करणारी. ती आणली होती मृणालताईंच्या नवऱ्यानं. डॉ. शार्दूल जगदाळे, पुण्याचे, मधली काही वर्षं जर्मनीत काढून आलेले, आणि लग्नाच्या हारातली फुलं सुकायच्या आत आमचे टेक्निकल डायरेक्टर झालेले. दादासाहेब त्यांना तोंडावर जावईबापू म्हणायचे आणि मागं दहावा ग्रह.

दोन्ही प्रेस एकदम चालवल्या की शेडातले दिवे डोळे मिचकावायचे. वीज एकीलाच पुरायची. म्हणून दादासाहेबांनी फर्मान काढलं: दोघींचे ठोकळे तपासा. जिचे सरस, ती राहील. जी हरेल ती जाईल. नवी हरली तर परदेशात परत, जुनी हरली तर भंगारात.

आणि भंगारात एकटी प्रेस जाणार नव्हती. तिच्याबरोबर रावसाहेब हंचनाळे जाणार होते आणि त्यांची सगळी माणसं.

हंचनाळेकाका जुन्या प्रेसचे मुख्य. माझ्या वडिलांचे तालमीतले जोडीदार. वडील गेले, मी एम.एस्सी. होऊन घरात बसले होते, तेव्हा यांनीच मला दादासाहेबांपुढं नेऊन उभं केलं. "पोरगी हुशार हाय. तोंडानं जरा फटकळ हाय," एवढीच शिफारस. त्यातल्या दुसऱ्या वाक्यानं पुढं त्यांनाच घाम फोडायचा होता.

आता तपासायचं काय, ते सांगते. घाबरू नका, दोन मिनिटांत होतं. मी हे दादासाहेबांना समजावलेलं आहे, त्यामुळं कुणालाही समजावू शकते.

आमचं चुंबक म्हणजे बारीक भुकटी. ती साच्यात भरायची, भोवती कॉइलचं जोरदार चुंबकी क्षेत्र लावायचं आणि दाबायची. क्षेत्र चांगलं असेल तर एकेक कण वळतो आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. आरतीला देवळात उभी असतात ना माणसं, सगळ्यांची तोंडं देवीकडं, तसं. जितके कण नीट एका दिशेला, तितकं चुंबक जोरकस. मग ते भट्टीत भाजायचं, कापायचं. एक्स-रेखाली समोरून पाहिलं तर सगळ्यांची तोंडं दिसतात. बाजूनं पाहिलं तर सगळ्यांचे कान. आणि प्रेसनं काम नीट केलेलं नसेल तर कुणाचं तोंड, कुणाचा कान, कुणाची मान, अशी खिचडी.

अडचण एकच. तपासणीसाठी कापलेला ठोकळा सहाही बाजूंनी सारखा असतो. करडा, मुका. शेवटच्या टप्प्यापर्यंत त्याला चुंबकत्व दिलेलं नसतं, त्यामुळं टाचणी जवळ नेली तरी तो ओळख देत नाही. म्हणून जुन्या प्रेसवर रिवाज होता: ज्या बाजूला कणांची तोंडं, त्या बाजूवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका. त्याला आम्ही ठोकळ्याचं तोंड म्हणायचो.

शार्दूल सरांना हे गावठी वाटायचं. "मगदूम, जगात कुणी चुंबकाला टिळे लावत नाही," ते मला म्हणायचे. त्यांच्या ठोकळ्यांच्या डब्यावर चौकोनी कोड असायचा. तो मोबाइलनं टिपला की तारीख, भट्टी, तापमान, दाबणाऱ्या इंजिनियरचं नाव, अशी सगळी जन्मकुंडली समोर यायची. फक्त तोंड कुठं आहे तेवढं सोडून.

"सर, पण तपासणीच्या ठोकळ्यांना तरी ठिपका लागेल," मी त्यांना आठवडाभर आधी सांगितलं होतं.

"मी सांगतो माझ्या टीमला," ते म्हणाले. मोठ्या माणसानं 'मी सांगतो' म्हटलं की समजावं, गोष्ट देवाच्या कानावर गेली. तिथून पुढं ती देवाची.

खंडेनवमीच्या दुपारी दोन्ही ट्रे माझ्या टेबलावर येऊन पडले. मी नुसतं आले का एवढं पाहिलं, त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता पर्स उचलली आणि घरी गेले. आईनं पुरणाचं पाणी चुलीवर ठेवलं होतं आणि तिचा फोन तीनदा येऊन गेला होता. मृणालताई तेव्हा ताट घेऊन पुन्हा माझ्या खोलीकडंच येत होत्या. आम्ही दारात एकमेकींना हसलो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातमोजे चढवले आणि ट्रे पुढं ओढले. जुन्या प्रेसच्या ठोकळ्यांवर लाल ठिपके. आणि काय आश्चर्य, नवीच्या ठोकळ्यांवरही लाल ठिपके! म्हटलं, सुधारला बाई जावई. ठिपक्यांना जरा पिवळसर कड होती. म्हटलं, जर्मनीहून प्रेस आणली, पण रंग मात्र फुटपाथवरचा आणला.

मग चिमट्यानं एकेक ठोकळा उचलायचा, ठिपका वर करून मशीनमध्ये ठेवायचा आणि बटण दाबायचं. शार्दूल सरांनी मशीनवर एक सॉफ्टवेअर घातलं होतं. आधी मशीन आलेख काढायचं, तो आम्ही वाचायचो. आता वाचायची गरज नव्हती. सॉफ्टवेअर आलेख आपल्या पोटात ठेवायचं आणि बाहेर फक्त टक्क्यांचा एक आकडा फेकायचं. एवढे कण रांगेत, बस. "डायरेक्टरला आलेख बघायला वेळ नसतो," असं सरांचं तत्त्व होतं.

जुनीचे टक्के आले चांगले. अगदी डोळे दिपावेत असे नव्हेत, पण एकसारखे, घरंदाज. नवीचे आले आणि मी खुर्चीत सरळ झाले. दोनचार ठोकळे अव्वल, बाकीचे इतके बेकार की भुकटी नुसती पिशवीत भरून आपटली असती तरी याहून बरी बसली असती.

तेवढ्यात दादासाहेबांचा फोन. "मगदूमबाई, आलेख-बिलेख नको. कोण जिंकलं?"

"दादासाहेब, अजून मी..."

"आकडा काय म्हणतोय?"

"आकडा जुनी म्हणतोय. पण..."

फोन बंद. पलीकडं एक आरोळी मात्र ऐकू आली, ती फोनमधून नव्हे, भिंतीतून. म्हातारा तीन वर्षं या क्षणाची वाट पाहत होता. जावयाला काही बोलावं तर लेक रडते. पण एक्स-रेनंच जावयाला नापास केलं तर त्यात सासऱ्याचा काय दोष?

बातमी शेडभर पसरली. मी मात्र तिथंच बसून होते. काहीतरी टोचत होतं. चांगली प्रेस वाईट होऊ शकते, वाईट प्रेस चांगली होऊ शकते. पण एकच प्रेस एकाच दिवशी काही ठोकळे अव्वल आणि बाकीचे रद्दी कसे काढेल? मी सॉफ्टवेअरच्या पोटातून आलेख उपसून काढले.

वाईट ठोकळ्यात खिचडी दिसते. इथं खिचडी नव्हती. इथं सगळे कान होते. स्वच्छ, एका ओळीत, एकही मान वाकडी नाही. म्हणजे कण झकास वळलेले होते. मीच त्यांच्याकडं बाजूनं बघत होते.

मी हातमोजा काढला, नवीचा एक ठोकळा घेतला आणि ठिपक्यावर अंगठा घासला. अंगठा लाल झाला. जुनीचा घेतला, घासला, नखानं खरवडला. ऑइलपेंट ढिम्म हललं नाही. मग मी नवीच्या ट्रेच्या कोपऱ्यात नीट बघितलं. तिथं तांदळाचा एक दाणा पडला होता. त्याच्या बुडाला हळद.

काही सुटता कामा नये, पप्पांनी सांगितलं होतं.

मला आधी हसू फुटलं. एकटीच खो खो हसले. मृणालताईंनी ठोकळ्यांची पूजा केली होती! जी बाजू वर होती तिच्यावर कुंकू. नशिबानं एखाद्याचं तोंडच वर असलं तर तो पास, नाहीतर नापास. सरांच्या टीमनं ठिपका लावलाच नव्हता. मग हसू थांबलं. कारण याचा पुढचा अर्थ लक्षात आला. नवी प्रेस हरलेली नव्हती. बहुतेक जिंकलेली होती.

जुन्या प्रेसवर जत्रा भरली होती. कुणी जिलेबी आणली होती, कुणी भडंग. प्रेसला परवाचा हार होता, त्यावर आणखी एक पडला होता. हंचनाळेकाका स्टुलावर बसून सगळ्यांना हातानं वाढत होते. मला बघून उठले.

"ये सुले. आ कर." जिलेबीचा तुकडा तोंडात कोंबला. "तुझ्या बानं बघायला पायजे होतं आज."

"काका, जरा बाहेर या."

शेडाच्या मागं, भंगाराच्या ढिगाजवळ मी त्यांना अंगठा दाखवला. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे देवीनं कौल आमच्या बाजूनं दिला, आन् तू म्हणतीस की देवीनं चुकीच्या बाजूनं बघितलं."

"देवीनं नाही काका, मृणालताईंनी."

"या कारखान्यात दोन्ही एकच." त्यांनी मिशीला लागलेला पाक पुसला. "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग मला बी सांगितलं न्हाईस असं समज. जा, हात धू."

"काका, चार वाजता मीटिंग आहे. सही माझी आहे."

"सहीला काय पाय फुटून ती पळत येती व्हय, मी चुकली म्हणून सांगायला?" आवाज चढला, मग लगेच खाली आला. "ही प्रेस मी उभी केली. माझं वय बघ. आता मला कोण दारात उभं करंल? आन् माझ्याबरोबर ती पोरं. तुला तरी इथं कुणी चिकटवलं, सांग."

"तुम्ही."

"आठवण हाय तर," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

खोटं बोलता येत नाही असं माझं काही नाही. घरी रोज बोलते. आईला भाजी छान झालीय म्हणते, मावशीला तिचा मुलगा गुणी आहे म्हणते. काकांसाठी एक खोटं बोलले असते तर आभाळ कोसळलं नसतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं. पण ते कान माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. बिचारे सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे, आणि मी त्यांना वेडेवाकडे म्हणून सही करणार. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, सगळ्यांचाच. काकांचा, मृणालताईंचा, त्या तांदळाच्या दाण्याचा.

चार वाजता दादासाहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. दादासाहेब खुर्चीत असे बसले होते, की जणू गादीवर कालच अभिषेक झालाय. शार्दूल सर मोबाइलमध्ये मान घालून. मृणालताई आपट्याची राहिलेली पानं वाटत होत्या. काका भिंतीला टेकून उभे, हाताची घडी. टेबलावर दोन्ही ट्रे.

"या जावईबापू, बसा," दादासाहेब म्हणाले. "बसलाच हाय न्हाई का! बरं बरं. तर मी काय म्हणतो, परदेशी माल चांगलाच असतो. दिसायला. नमस्कारबी करतो. पर मागनं जे निघतं ते बी बघायला लागतं."

"माझा या टेस्टवर आक्षेप आहे," सर म्हणाले. "मगदूम आणि हंचनाळे यांचे घरचे संबंध आहेत. हा बायस आहे."

"एक्स-रेचे बी हंचनाळ्याशी घरचे संबंध हायत व्हय?" दादासाहेब खुश झाले. "मगदूमबाई, तुम्ही सांगा. खात्री हाय ना?"

मी काकांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"काय न्हाई?"

"खात्री नाही दादासाहेब. निकाल चुकीचा आहे. नवीच्या ठोकळ्यांवर जे लाल आहे तो ठिपका नाही. ते कुंकू आहे."

मग शार्दूल सरांनी हळूच मान वळवली. "मृणाल, तू माझ्या सॅम्पल्सना कुंकू लावलंस?"

"मग? पप्पा म्हणाले काही सोडू नको," मृणालताई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या ट्रेला आधीच कुणीतरी लावलेलं होतं. तुझेच बिचारे कोरे होते. मला कसंतरीच वाटलं. म्हटलं, आपल्या माणसाचेच राहिले." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या प्रेसला यश यावं म्हणून प्रत्येकावर अक्षता टाकल्या रे मी!"

जावई एकदा बायकोकडं बघे, एकदा माझ्याकडं. त्याच्या बायकोनं त्याला भक्तिभावानं बुडवलं होतं आणि त्याच्या विरोधकानं कामाला लावलेल्या पोरीनं वर काढलं होतं. आभार कुणाचे मानायचे आणि कुणावर ओरडायचं, हे जर्मनीत शिकवत नसावेत.

सगळी वरात माझ्या खोलीत आली. मी नवीचे ठोकळे ओल्या फडक्यानं पुसले आणि एकेक बाजू फिरवून मशीनखाली धरली. कान, कान, आणि मग तोंडं. दर ठोकळ्यात कुठल्या ना कुठल्या बाजूला लख्ख तोंडं. या वेळी आलेख पडद्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. दादासाहेब चष्मा लावून वाकले.

"हे उंच म्हंजे चांगलं?"

"हो."

"आन् जुनीचं?"

मी जुनीचा आलेख शेजारी ठेवला. उंच होता. पण नवीचा त्याहून उंच होता, ते सांगायला एम.एस्सी. लागत नव्हती.

मागं वळून पाहिलं तर दारात काका नव्हते. दादासाहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी त्यांच्या ताटातली पुरणपोळी ओढून घेतली होती. "लई खरं बोलता बघा तुम्ही," ते म्हणाले. पाठीवर थाप मारताना कुणी चिमटा काढावा, तसं लागलं ते.

महिन्याभरात जुनी प्रेस उचलली. काका आणि त्यांची माणसं हिशेब घेऊन गेली. जाताना काका माझ्या खोलीवरून गेले. डबा हातात, मान सरळ. माझ्याकडं बघितलंही नाही. शार्दूल सरांनी नवा नियम काढला. यापुढं प्रत्येक ठोकळ्यावर लाल ठिपका. त्याला त्यांनी 'ओरिएंटेशन मार्किंग प्रोटोकॉल' असं नाव दिलं, मुंबईला जाऊन त्यावर भाषण केलं आणि बक्षिसाची एक ढाल घेऊन आले. ती रिसेप्शनमध्ये ठेवली. पुढच्या खंडेनवमीला तिलाही कुंकू लागलं.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण आता हंचनाळ्यांच्या घरी हळदीकुंकवाला मी कुठल्या तोंडानं जाऊ?" गेली नाहीच ती. संक्रांतीला त्यांच्याकडचं बोलावणंही आलं नाही. आई तिळगूळ डब्यात भरून ठेवायची आणि म्हणायची, देईन कधीतरी.

आणि त्याच पुढच्या खंडेनवमीला, त्या ढालीला कुंकू लागलं त्याच दिवशी, माझ्या मोबाइलवर काकांचा फोन. वर्षभरात पहिला. "गोकुळ शिरगावला शेड टाकलंय. पूजा हाय. ये." बस, एवढंच. आवाजावरून काही कळेना. मी स्कूटर काढली. म्हटलं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणार आपला. करू दे. हक्क आहे त्यांचा.

पत्र्याच्या शेडात पाऊल टाकलं आणि थबकले. मधोमध जुनी प्रेस उभी. भंगारवाल्याकडून काकांनी आणि त्यांच्या माणसांनी मिळून ती सोडवून आणली होती. कॉइल चौथ्यांदा गुंडाळलेली. आता ती स्वस्तातली काळी चुंबकं दाबत होती, स्पीकरच्या मागं बसतात ती. दाबायची रीत तीच, कण वळवायची भानगड तीच.

काकांनी माझ्या हातात ताट दिलं. "लाव."

"मी?"

"तूच लाव. पर ठोकळ्यांना बी लाव, काही सोडू नको." त्यांनी एक काळा ठोकळा पुढं केला. त्याच्यावर ठिपका होता, पांढराशुभ्र. "कुंकू किती बी लागू दे. आता घोटाळा व्हायचा न्हाई."

माणसं हसली. मीही हसले आणि कुंकू लावता लावता डोळे भरून आले. बावळटासारखी पदरानं पुसत राहिले.

पूजा झाल्यावर काकांनी तोच ठोकळा रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या मशीनखाली बघून दे. तुझ्या दादासाहेबाला मीच फोन केला हुता. बघू दे म्हणाला. जावयाला सांगू नको म्हणाला."

"काका, कोल्हापुरात कॉलेजमध्येही बघून देतात. तुमच्या ओळखीचे सर आहेत तिथं. मीच कशाला?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "चुंबक झकास झालंय म्हणणारी गावात ढीगभर हायत. खरं सांगणारं माणूस मला एकच ठाऊक हाय. त्यानंच माझी नोकरी घालवली."

फटकळ म्हणून जिची शिफारस झाली होती, तिनं निमूट ठोकळा पर्समध्ये टाकला.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या शेडात उभी होते. येताना आईनं तिळगुळाचा डबा दिला होता, दसऱ्याच्या दिवसांत, अवेळी. माणसांनी हातातली कामं थांबवली. काका स्टुलावरून उठले नाहीत.

"बोल."

वाटेत मी बरंच ठरवलं होतं. गोड कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तोंडातून निघालं ते एवढंच: "काका, खिचडी आहे."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग प्रेसकडं, मग परत माझ्याकडं.

"औंदा तरी जरा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं?" ते म्हणाले आणि गदगदा हसायला लागले. मग उठले, बाह्या वर केल्या. "चला रं, कॉइल उघडा. परत गुंडाळायची. आन् हिला चहा सांगा, ही आता सारखी येणार."